अंगावरचं दूध काढून ठेवलं तर किती वेळ टिकतं? पंप कोणता घ्यावा? घरचे म्हणतात शिळं दूध पाजू नये

तुमचं बाळ पाच महिन्यांचं, पुढच्या महिन्यात तुम्हाला कामावर रुजू व्हायचंय, आणि घरून सल्ला मिळतोय की काढून ठेवलेलं दूध पाजण्यापेक्षा गाईचं दूध पाणी घालून द्या. किती तास टिकतं आणि पंप कोणता, हे खाली लिहितेच. पण घरच्यांचं ते वाक्य वाचून माझं डोकं तापलं, म्हणून आधी तेच घेते.

अजिबात ऐकू नका. म्हणणारं माणूस कितीही वडीलधारं असो.

गाईच्या दुधाची पिशवी आपल्या दारात येते तेव्हा ते दूध आदल्या दिवशी कधीतरी गोठ्यात काढलेलं असतं. संकलन केंद्र, टँकर, डेअरी, मग पिशवी. आणल्यावर आपण ती आणखी दीड-दोन दिवस पुरवतो. ते चालतं, आणि आईने सकाळी सातला हात धुऊन काढलेलं, झाकून फ्रिजमध्ये ठेवलेलं दूध दुपारी एकला बाळाला बाधतं, हा हिशेब मला आजवर कुणी समजावून सांगू शकलेलं नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला गाईचं दूध मुख्य दूध म्हणून देऊच नये. त्यात लोह फार कमी असतं, प्रथिनं आणि क्षार बाळाच्या मूत्रपिंडांना जड जातील इतके असतात, आणि काही बाळांच्या आतड्यातून त्यामुळे नकळत थोडं थोडं रक्त जातं. पाणी घातल्याने त्यातली ताकद कमी होते, लोह काही वाढत नाही.

आता माझ्याकडे काय झालं ते सांगते. माझं सासर भुसावळला, नोकरी जळगावला एका खासगी कंपनीच्या शाखेत, रोज रेल्वेने अप-डाउन. रजा २६ आठवड्यांची, पण त्यातले काही आठवडे बाळंतपणाआधीच गेले (आधी जास्तीत जास्त ८ घेता येतात), त्यामुळे मुलगी चार महिन्यांची होते न होते तोच एप्रिलमध्ये रुजू व्हावं लागलं. खानदेशातला एप्रिल म्हणजे काय ते इकडच्यांना सांगायला नको. पण सहा महिने फक्त अंगावरचंच द्यायचं, हे माझं पक्कं होतं. रजेवर असतानाच मी सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर थोडं थोडं काढायला लागले. सकाळी दूध दाटलेलं असतं, तेव्हा निघतंही जास्त.

सासूबाईंना हे नवीनच होतं, पण त्यांनी आडकाठी केली नाही. स्टीलच्या झाकणाच्या छोट्या डब्या उकळून कोरड्या करायच्या आणि एकीत एका वेळेपुरतंच भरायचं, असं आमचं चालायचं. मी प्रत्येकीवर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावून तारीख-वेळ लिहायचे. सासूबाईंना चष्मा लावूनही ते बारीक अक्षर लागायचं नाही. मग त्यांनी स्वतःच पद्धत काढली. फ्रिजच्या मधल्या फळीवर अगदी मागे एक ताटली, नवी डबी नेहमी उजवीकडे ठेवायची, उचलायची ती डावीकडची. एकदाही चूक झाली नाही. पाजताना डबी कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवायच्या, वर आलेली साय हलकेच फिरवून मिसळायच्या आणि बोंडल्याने पाजायच्या. ते चांदीचं बोंडलं माझ्या नवऱ्याच्या लहानपणचं. बाटली आम्ही घरात आणलीच नाही.

मे महिन्यात सासूबाई एका लग्नाला गेल्या आणि मुलीजवळ आतेसासूबाई राहायला आल्या. सकाळी निघताना मी त्यांना ताटली, डब्या, बोंडलं सगळं दाखवलं. संध्याकाळी घरी आले तर ताटली रिकामी आणि डब्या घासून पालथ्या घातलेल्या. मला वाटलं पोरीने सगळं संपवलं. आत्याबाई म्हणाल्या, "अगं, नासलं होतं ते सगळं. वर पिवळं, खाली पाणी. तुळशीत ओतलं हो, मोरीत नाही टाकलं. आईचं दूध आहे." आणि मुलीला दिवसभर पिशवीतलं दूध, निम्मं पाणी घालून.

वर पिवळसर आणि खाली निळसर पातळ दिसतं ते दूध नासलेलं नसतं. अंगावरच्या दुधातला स्निग्धांश ठेवल्यावर वर येतो, बस. डबी हलकेच फिरवली की पुन्हा एकजीव होतं. नासलेल्या दुधाला आंबट वास येतो आणि कितीही फिरवा, फुटकंच राहतं. कधी कधी ठेवलेल्या दुधाला साबणासारखा वास येतो, तो लायपेज नावाच्या विकरामुळे. बाळ पीत असेल तर ते खुशाल द्यावं.

हे मी सांगायला गेले आणि वाद झाला. त्यांचं म्हणणं, "आम्ही चार-चार पोरं वाढवली, शेतातही गेलो. कुणी डब्यांत भरून ठेवत होतं?" खरं आहे त्यांचं. त्या कापूस वेचायला जायच्या तेव्हा बाळ बांधावर निंबाखाली झोळीत असायचं. रडलं की हातातलं सोडून पाजायच्या. माझी मुलगी भुसावळात आणि मी जळगावात, मधे पंचवीस किलोमीटर. पोरीला उशाशी घेऊन काम करता आलं असतं तर मी डब्या कशाला भरल्या असत्या?

आणि ते दूध कसं निघालं होतं, ते त्यांना कुठे माहीत होतं. ऑफिसात मी जागा मागितली तर साहेब म्हणाले, बाथरूम आहे की. मी नाही म्हटलं. शेवटी रेकॉर्ड रूम मिळाली. छतापर्यंत जुन्या व्हाउचरचे गठ्ठे, पंखा नाही, दाराची कडी तुटलेली. आमच्या शिपाई मावशी बाहेर स्टूल टाकून दाराला पाठ लावून बसायच्या आणि कुणी आलं की सांगायच्या, आत साफसफाई चाललीय, नंतर या. पंपाची घरघर बाहेर ऐकू जायची, म्हणून मी हातानेच काढायला शिकले. आधी गरम पाण्यात पिळलेल्या रुमालाने शेक आणि बोटांनी गोल चोळणं. मग अंगठा वर, तर्जनी खाली, स्तनाग्राच्या जरा मागे, काळसर भागाच्या कडेला. आधी छातीकडे मागे दाबायचं, मग दोन्ही बोटं एकमेकांकडे, मग सोडायचं. ओढायचं नाही, कातडीवर बोटं घासायची नाहीत. थोड्या थोड्या वेळाने बोटांची जागा बदलायची, म्हणजे सगळ्या बाजूंनी मोकळं होतं. पहिली दोन मिनिटं नुसते थेंब येतात आणि जीव रडकुंडीला येतो. मी मुलीचं न धुतलेलं टोपडं पिशवीत ठेवायचे, त्याचा वास घेतला की पान्हा फुटायचा आणि धार लागायची. कधी वाटी भरायची, कधी वाटीचा तळ झाकेल एवढंच. ते थर्मल पिशवीत, दोन्हीकडून बर्फ झालेल्या आइस पॅकच्या मधे, गाडीच्या गर्दीत छातीशी धरून घरी. त्यातलं एक एक चमचा दूध मला माहीत होतं, आणि ते तुळशीत गेलं.

ज्यांना अजून वाटतं की काढून ठेवलेलं दूध वाईट, त्यांनी मुंबईत काय चालतं ते ऐकावं. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली, आशियातली पहिली. बायका दूध दान करतात, ते ६२.५ अंशांवर ३० मिनिटं ठेवून जंतू मारतात, गोठवतात आणि दिवस पुरे व्हायच्या आत जन्मलेल्या इवल्याशा बाळांना देतात. परक्या बाईचं, गोठवलेलं दूध इतक्या नाजूक बाळांना चालतं, तर माझ्या धडधाकट मुलीला तिच्याच आईचं सकाळचं दूध का नाही चालणार? (हे तापवणं दुग्धपेढीसाठी आहे. घरी आपल्या बाळासाठी दूध उकळायचं नाही.)

आता तुमचे तास. नुकतंच काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास. आपल्याकडे उन्हाळ्यात घरात २५ अंश कुठून असणार, म्हणून मी तासाच्या वर कधीच बाहेर ठेवलं नाही. थर्मल पिशवीत गोठलेल्या आइस पॅकबरोबर २४ तास. फ्रिजमध्ये ४ अंशांवर ४ दिवस, पण मागच्या बाजूला. दाराच्या कप्प्यात नको, दार उघडझाप होऊन ते गरम होत राहतं. वेगळ्या दाराच्या फ्रीजरमध्ये, जिथे उणे १८ अंश राहतात, तिथे ६ महिन्यांपर्यंत उत्तम. एका दाराच्या फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्याचा भरवसा नाही, तिथलं मी दोन आठवड्यांत संपवायचे. गोठवताना डबी काठोकाठ भरू नका, दूध फुगतं. गोठलेलं दूध रात्री खालच्या फळीवर काढून ठेवायचं, पूर्ण वितळल्यावर २४ तासांत संपवायचं, पुन्हा गोठवायचं नाही. बाळाने उष्टं केलेलं दोन तासांनंतर टाकून द्यायचं, त्यात जीव अडकवू नका. मायक्रोवेव्ह नको, दूध मधेच कुठेतरी चटका बसेल इतकं तापतं. नवं कोमट दूध आधीच्या गार दुधात ओतायचं असेल तर आधी गार होऊ द्या. वीज गेली तर फ्रिज उघडूच नका, बंद दारात चारेक तास थंडावा टिकतो.

किती साठवायचं? तुम्ही जितके तास घराबाहेर, त्या प्रत्येक तासाला साधारण २५ ते ३० मिली धरा. एका डबीत ६० ते ९० मिलीच भरा, म्हणजे वाया कमी जातं. फ्रीजर भरून साठा दाखवणारे व्हिडिओ बघून घाबरू नका, उद्यापुरतं आज निघालं तरी गाडी चालते.

ऑफिसात तोंडी विनंती करू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीव्यतिरिक्त दिवसातून दोनदा पाजण्यासाठी वेळ मिळणं हा हक्क आहे. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात तो होताच, २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पाळणाघराची सोय करावी लागते आणि दिवसातून चारदा तिथे जाता येतं. खोलीचं मात्र त्यात काही लिहिलेलं नाही, ती भांडूनच मिळवावी लागते. एसटीने जात असाल तर स्टँडवर हिरकणी कक्ष असतो, तो विचारा.

पंपाचं मी फार सांगू शकत नाही, मी बहुतेक हातानेच काढलं. एवढं बघा की कपाचं माप तुमच्या स्तनाग्राला नीट बसतंय. घट्ट बसला तर दुखतं आणि दूधही कमी येतं. दूध जिथे जिथे लागतं ते भाग प्रत्येक वेळी साबणाने धुता यायला हवेत. रोज नऊ-दहा तास बाहेर राहणार असाल तर दोन्ही बाजूंचा विजेचा पंप वेळ वाचवतो. दुसऱ्या बाईचा वापरलेला पंप घेऊ नका, काहींच्या आत दूध जातं आणि ते साफ करता येत नाही. आणि पंपात कमी आलं म्हणून दूध कमी आहे असं धरू नका. बाळ ओढतं तितकं कुठलंच यंत्र ओढत नाही.

मी डॉक्टर नाही. हे सगळं पूर्ण दिवसांच्या, तब्येतीने चांगल्या बाळासाठी आहे. बाळ कमी वजनाचं किंवा आजारी असेल तर तास वेगळे असतात, तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. तुम्हाला कसली औषधं चालू असतील तरी विचारा. छातीत गाठ होऊन ताप आला तर घरगुती लेप लावत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. आणि सगळं करूनही दूध पुरलं नाही, तर डॉक्टरांनी सांगितलेलं पावडरचं दूध द्या. त्यात आई म्हणून काही कमी पडत नाही, पण गाईचं नको.

घरच्यांना हे उत्तर वाचून दाखवू नका, वाद वाढेल. पुढच्या लसीच्या वेळी जो म्हणतोय त्यालाच बरोबर न्या आणि गाईच्या दुधाचा प्रश्न डॉक्टरांना त्यांनाच विचारू द्या. मी आतेसासूबाईंना चला म्हटलं होतं, त्या आल्या नाहीत. सासूबाई आल्या, त्यांनी स्वतः विचारलं, आणि त्यानंतर ताटलीतल्या डबीला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.