अॅम्बॅसेडरच्या डिस्ट्रिब्युटरसाठी एफडी मोडावी का?

प्रश्न: वडिलांची १९६८ची अॅम्बॅसेडर मार्क टू माझ्याकडे आहे. रविवारी बाहेर काढतो, वर्षाला दीडेक हजार किलोमीटर होतात. हल्ली ती मिसिंग करते, म्हणजे इंजिन मधेच ठोका चुकवतं. गॅरेजवाले म्हणतात, परदेशी इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला वेळेवर ठिणगी पोचवणारा भाग) अख्खा बसवा, कस्टम धरून ४२ हजार. जुन्यातच पॉइंटच्या (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या स्विचच्या) जागी इलेक्ट्रॉनिक किट बसवलं तर ९ हजार, जुना खोलून दुरुस्त केला तर साडेसहा हजार. मी निवृत्त आहे. अडीअडचणीसाठी ठेवलेली लाखाची एफडी मोडू का? पेट्रोल वाचेल, गाडीची किंमतही वाढेल असं वाटतं. (कोल्हापूर)

उत्तर: एफडीला हात लावू नका. ती दवाखान्यासाठी आहे, आणि मुदतीआधी मोडली तर व्याजही कापलं जाईल.

आधी पेट्रोलचं बघू. लिटरला १० किलोमीटर धरले तर वर्षाला १५० लिटर, १०५ रुपयांनी १५,७५०. नव्या डिस्ट्रिब्युटरने पाच टक्के बचत झाली असं मानलं, तरी हाती येतात जेमतेम आठशे रुपये. ४२ हजार वसूल व्हायला पन्नास वर्षं लागतील. किमतीचं म्हणाल, तर जुन्या गाडीचा दर्दी बॉनेट उघडून मूळ वस्तू शोधतो. परदेशी डिस्ट्रिब्युटरचे तो जास्त पैसे देईल, हे मला पटत नाही.

पण दुखणं खरं आहे आणि ते काढायलाच हवं. पैसे देण्याआधी तुमच्या गाडीत नेमका कुठला डिस्ट्रिब्युटर आहे ते बघा. बॉडीवर बाजूला मॉडेल आणि पार्ट नंबर ठोकलेला असतो. रॉकेलच्या फडक्याने पुसलात की दिसेल. या काळातल्या १४८९ सीसी इंजिनावर लुकास कंपनीचा २५डी४ हा मॉडेल अपेक्षित आहे. व्हॅक्युमच्या डबीशेजारी (इंजिनाच्या ओढीने टायमिंग बदलणारी गोल डबी) टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, किंचित मागेपुढे करायची दातेरी चकती असेल तर २५डी४. ती नसेल तर मधे कधीतरी कुणीतरी नंतरचा ४५डी४ टाकलेला असू शकतो. दोघांची किट वेगळी असतात, चुकीचं घेतलंत तर ९ हजार पाण्यात.

मग वरची कॅप काढून रोटरखालचा (आत फिरणाऱ्या तुकड्याखालचा) शाफ्ट बोटांनी आडवा हलवा. खटखट वाजला तर त्याला धरणारे बुश झिजलेत, पॉइंटचा गॅप दर फेरीला बदलतोय. अशा शाफ्टवर किट चढवण्यात अर्थ नाही, टायमिंग डळमळतच राहणार. व्हॅक्युमची नळी काढून तोंडाने ओढा. आतली प्लेट फिरून तशीच थांबली पाहिजे. परत आली तर डबीतला पडदा फाटलाय. शाफ्ट घट्ट असेल तर नवे पॉइंट, कंडेन्सर, रोटर आणि कॅप एवढ्यावरच भागण्याची बरीच शक्यता आहे. पॉइंटचा गॅप फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवायला सांगा.

माझं मत: शाफ्ट हलत असेल तर साडेसहा हजारांची दुरुस्ती करा, चार-सहा महिने चालवा. दर वेळी पॉइंट घासत बसायचा कंटाळा आला तर किट नंतर एफडीच्या व्याजातून घ्या, मुद्दल तसंच ठेवा. घेताना गाडीचा अर्थ (बॉडीला जोडलेलं बॅटरीचं टोक) पॉझिटिव्ह आहे की निगेटिव्ह आणि कॉइल किती ओहमची, हे दोन्ही दुकानदाराला सांगा. किट उलटं जोडलं तर त्यातलं इलेक्ट्रॉनिक मॉड्युल जागीच जळतं. काढलेले पॉइंट आणि प्लेट डब्यात जपून ठेवा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मला जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची आहे. 'वडिलांची' गाडी म्हणता, ते हयात नसतील आणि आरसी अजून त्यांच्याच नावावर असेल, तर आधी ती बदलून घ्या. नाहीतर क्लेमच्या वेळी विमा कंपनी बोट ठेवेल. आणि कुणी २०२१च्या नियमातली व्हिंटेज नोंदणी सुचवली तर २० हजार भरण्याआधी विचार करा: त्या नोंदणीत मिळणाऱ्या 'व्हीए' नंबरवर प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणं आणि देखभाल यांपलीकडे गाडी रस्त्यावर नेता येत नाही. तुमच्या रविवारच्या फेऱ्या बंद होतील. त्यापेक्षा विम्याच्या नूतनीकरणात गाडीची किंमत कंपनीशी बोलून ठरवा. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीला ती मुभा आहे. दुरुस्तीच्या पावत्या आणि फोटो तेव्हा जोडा.