पगार पुरेल, पण तू विचारलंस तेवढंच पुरणार नाही

तुझा लांबलचक मेसेज मिळाला. श्टुटगार्टच्या कंपनीकडून वर्षाला बासष्ट हजार युरोंची ऑफर, सोबत बायको आणि दोन वर्षांची लेक, आणि तीन प्रश्न: एवढ्यात भागेल का, शिल्लक किती पडेल, लोक आपल्याशी कसे वागतात. तुझी आत्या आणि माझी आई रामबागेत एकाच भिशीत आहेत. गोड बोलून तुला बोलावून घेतलं आणि नंतर तू पस्तावलास, तर मला इंदूरला तोंड दाखवायची सोय राहणार नाही. म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

पगाराचं आधी उरकते. तिघांचं भागेल. लग्न झालेलं आणि बायको कमावत नसेल तर तुला तीन नंबरचा करवर्ग मिळतो, कर कमी कापला जातो. सरकारी आरोग्य विम्याचा मूळ दर १४.६ टक्के, वर विमा कंपनीची थोडी भर. त्यातला अर्धा भाग मालक भरतो आणि बायको-मुलीचा विमा त्यातच येतो, वेगळे पैसे नाहीत. शिल्लक मात्र घरभाड्यावर ठरते आणि खरी मेख तिथेच आहे.

आम्ही इथली इंदूरची चार-पाच घरं शनिवारी कुणाकडे तरी जमतो. पोहे होतात, वर शेव आणि जीरावण. पहिली पंधरा मिनिटं गावच्या गप्पा: मेट्रो ३१ मे २०२५ ला सुरू झाली खरी, पण राजवाड्यापर्यंत कधी येणार, बीआरटीएसच्या, म्हणजे बसच्या राखीव मार्गाच्या, जाळ्या निघाल्या का, यंदाची रंगपंचमीची गेर, म्हणजे मिरवणूक, कशी झाली. पोहे संपले की गाडी इथल्या विषयांवर येते आणि मग रात्रीपर्यंत हटत नाही. कुणाला घर सोडायची नोटीस आली, कुणाच्या पोरीला बालवाडीत जागा मिळेना, कुणाच्या कंपनीत माणसं कमी करतायत, कुणाचं राहण्याच्या परवान्याचं कार्ड अडकलंय. अकरा वर्षांत विषय हेच, फक्त माणसं बदलतात. तुझ्या तीन प्रश्नांत यातलं एकही नाही, ते पाहून मला काळजी वाटली.

घरापासून सुरुवात कर. जाहिरातीत दोन भाडी असतात. ‘काल्टमीटे’ म्हणजे नुसत्या भिंतींचं, ‘वार्ममीटे’ म्हणजे हीटिंग, पाणी, जिन्याचा दिवा वगैरे धरून. तू वार्म बघ. वीज आणि इंटरनेट त्यातही नसतात. वर्षभराने वापराचा हिशेब येतो आणि आमच्यासारख्या थंडीला घाबरणाऱ्या माणसांना पहिल्या वर्षी हमखास भुर्दंड बसतो. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्ट भाड्याएवढी घेता येते आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा तुला कायद्याने हक्क आहे. हे घरमालक आपणहून सांगत नाही. आणखी एक, बऱ्याच घरांत स्वयंपाकघर नसतं. म्हणजे खोली असते, पण ओटा, सिंक, कपाटं काहीच नाही, नळाचा पाइप नुसता भिंतीतून बाहेर आलेला. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं चोरी झालीय. आधीच्या भाडेकरूने नेलेलं असतं, तू तुझं आणायचं.

घर न बघता, चावी कुरिअरने पाठवतो म्हणून पैसे मागणारा भेटला तर तो ठग समज. इंदूरहून बसून घर पक्कं करू नकोस. पहिले दोन-तीन महिने कंपनीला फर्निश्ड जागा मागून घे, पण ‘घरमालकाचं राहण्याचं पत्र’ मिळेल का ते आधी विचार. त्या पत्राशिवाय पत्त्याची नोंदणी होत नाही. नोंदणी दोन आठवड्यांत करायची असते आणि कर क्रमांकापासून पुढचं सगळं तिच्यावर अडतं. नोंदणी झाली की रेडिओ-टीव्हीचं पत्र येतं, घरटी महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी. वाद घालू नकोस, मी घातला होता.

आता एक मजेची गोष्ट. इथे स्वाबियन, म्हणजे या भागातल्या मूळ, लोकांची ‘केअरवोखे’ असते, म्हणजे झाडूची पाळी. जिना, तळघर, दारापुढची फरशी आठवडाभर एकाने झाडायची, मग दरवाज्यावरची पाटी शेजाऱ्याकडे जाते. १४९२ च्या नगरनियमांपर्यंत मूळ जाणारी ही पद्धत, अजून भाडेकरारात असते. बर्फ पडला तर सकाळी उठून फरशी मोकळी करणंही पाळीतच. आपल्याला ओला-सुका कचरा वेगळा करायची सवय आहे, २०१७ पासून स्वच्छतेत इंदूरचा पहिला नंबर काय उगाच येतोय? पण तिथे गाडी गाणं वाजवत दारी येते. इथे कुठली पेटी कुठल्या दिवशी बाहेर ठेवायची ते कॅलेंडरवर बघायचं, आणि चुकलास तर गाडीवाला नाही, तिसऱ्या मजल्यावरची आजी बोलते. लोक कसे वागतात या तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या आजीत आहे. रविवारी ड्रिल चालवलं, काचेच्या बाटल्या डब्यात टाकल्या तर ती फटकारेल. तीच आजी माझं बाळ तापलेलं असताना रात्री ११६११७ हा नंबर लावून माझ्यासाठी जर्मनमध्ये डॉक्टरशी बोलली. दवाखाने बंद असतात तेव्हाचा हा नंबर, आत्ताच सेव्ह कर. जिवावरचं असेल तर ११२.

उरलेलं अर्धं उत्तर तितकं गोड नाही. २३ फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत परदेशी लोकांविरुद्ध बोलणाऱ्या एएफडी पक्षाला २०.८ टक्के मतं पडली. आपल्याला इथे मत नाही, पण परिणाम आपल्यावर होतात. २०२४ च्या जूनमध्ये पाच वर्षांत नागरिकत्व द्यायचा कायदा आला, त्यातली तीन वर्षांची लवकरची वाट ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदही झाली. जर्मनी आता दुहेरी नागरिकत्व चालवून घेते, भारत घेत नाही. तिथला पासपोर्ट सोडून ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, घ्यावं लागतं. दर शनिवारी यावर एक तरी भांडण होतं.

लेकीचं नाव बालवाडीत, म्हणजे ‘कीटा’त, व्हिसा यायच्या आधी घाल. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला जागेचा हक्क २०१३ पासून कायद्यात आहे, पण शिकवणाऱ्या बायाच कमी, त्यामुळे हक्क आहे आणि जागा नाही. जागा मिळालेल्यांच्याही वेळा कापल्या जातात, सकाळी आठला फोन येतो की आज दुपारी एकलाच न्या. बर्लिनमध्ये कीटा फुकट, इथे फी आहे. तुझ्या बायकोला इथे नोकरी करायची असेल तर तिची सगळी गणितं या एका जागेवर अडतात. तिला हे तू सांगितलंस का? तिचा मेसेजमध्ये कुठे उल्लेखच नाही, ‘फॅमिली’ एवढंच.

आणि तुझी नोकरी. हे गाव मोटारींवर जगतं आणि मोटारींचे दिवस सध्या बरे नाहीत. बॉशने सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी १३,००० जागा कमी करायचं जाहीर केलं. तुझी कंपनी सुटे भाग पुरवणारी आहे, म्हणून सांगते: पहिले सहा महिने प्रोबेशन, त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढता येतं. तुझा प्रोजेक्ट कुठल्या गाडीचा आहे, ऑर्डर पक्की आहे का, हे मुलाखत घेणाऱ्याला सरळ विचार. इथे सरळ विचारलेलं चालतं. जर्मन भाषा बी-१ पातळीपर्यंत कर. ब्लू कार्डवाल्याला, म्हणजे शिकलेल्या नोकरदारांचा परवाना असलेल्याला, त्यावर २१ महिन्यांत कायमचा परवाना मिळतो, ए-१ वर २७ लागतात, आणि नोकरी जायचीच असेल तर तो हातात असताना गेलेली बरी.

कागदांची मुदत संपायच्या चार महिने आधी अर्ज कर. मी दुसऱ्या एका गावात असताना तीन आठवडे आधी केला, कार्ड आलं नाही आणि भावाचं लग्न मी फोनवर बघितलं.

गाडी चालवायची हौस असेल तर भारतीय लायसन्स सहा महिनेच चालतं, मग लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा. तोवर लोकल गाड्या-बसांचा महिन्याचा देशभराचा पास आहे. २०२३ मध्ये ४९ युरोंना निघाला, जानेवारी २०२६ पासून ६३ झालाय. संपाच्या दिवशी घरूनच काम कर.

आता एक काम. ‘श्टुटगार्टर त्साइटुंग’ची गावातल्या बातम्यांची पानं रोज दहा मिनिटं वाच, मोबाइलवर भाषांतर करून. महिनाभराने मला पुन्हा लिही, तेव्हा तुझे प्रश्न वेगळे असतील. तोवर घराच्या जाहिराती पाठवत जा, पैसे पाठवायच्या आधी मी जाऊन बघून येईन. येत्या शनिवारी मात्र जमणार नाही, झाडूची पाळी आमची आहे.