नाशिकला दिवसभर पुरणारी मोबाईलची बॅटरी पेठला गेल्यावर दुपारीच का उतरते? बॅटरी बदलावी का?

एवढ्यात बदलू नका. तुम्ही लिहिलंय की फोन दीड वर्षाचा आहे, कॉलेज रोडला घरी असलात तर रात्रीपर्यंत पुरतो आणि घाटापलीकडे पेठ गावी कामावर गेलात की दोन वाजताच वीस टक्क्यांवर येतो. बॅटरीच गेली असती तर तिने घरीही रडवलं असतं.

भात-भाजीपाल्याच्या बियाण्यांच्या कामासाठी मी आठवड्यातून दोनदा त्याच रस्त्याने जातो. सावळ घाट लागला की रेंज येते-जाते आणि खिशातला फोन, हात न लावताही, कोमट होतो. मीही आधी बॅटरीलाच शिव्या घातल्या होत्या.

खरं कारण टॉवर. तो जवळ असला की फोनला हळू बोललं तरी चालतं. डोंगराआड असला की ओरडावं लागतं. 4जीवर फोन जास्तीत जास्त 200 मिलिवॅट ताकदीने सिग्नल सोडतो. टॉवर शेजारी असेल तर कित्येकदा त्याचा हजारावा भागही पुरतो. शिवाय 200 मिलिवॅट बाहेर टाकायला आतला अ‍ॅम्प्लिफायर बॅटरीतून त्याच्या दोन-तीन पट तरी वीज ओढतो आणि उरलेल्याची उष्णता होते. त्यात रेंज कमी म्हणजे नेट हळू. जो फोटो घरी दोन सेकंदांत जातो तो तिथे मिनिटभर जात बसतो, आणि तेवढा वेळ हे ओरडणं चालूच.

रेंजच्या काड्यांवर विसंबू नका, प्रत्येक कंपनी त्या आपल्या हिशेबाने दाखवते. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस इथे डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या मापात, आकडा दिसतो. माझा घरी उणे 85च्या आसपास असतो, करंजाळीच्या पुढे उणे 115. फरक 30चा दिसतो, पण दर दहाला दसपट, म्हणजे सिग्नल हजारपट क्षीण!

मला सगळ्यात जास्त फायदा झाला तो दुसरं सिम बंद केल्याने. त्या कंपनीचा टॉवर घाटापलीकडे लागतच नव्हता आणि फोन बिचारा दिवसभर तो शोधत बसायचा. दुसरं म्हणजे तिकडे जाताना 5जी बंद करून 4जी ठेवतो. घाटातल्या प्रवासात सरळ फ्लाइट मोड. घरून बोलणी बसतात, पण आता निघताना आणि पोचल्यावर फोन करायचं ठरलंय. पेठमधल्या ऑफिसात वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा. पावसाळ्यात लाइट बराच वेळ गेली की टॉवरची स्वतःची बॅटरीही संपते. तेव्हा यातलं काहीच कामाला येत नाही, पॉवर बँक जवळ ठेवा.

बॅटरीचं खरं नुकसान मात्र गाडीत होतं. एप्रिल-मेच्या उन्हात डॅशबोर्डवर फोन, त्यावर मॅप आणि वर चार्जर. मी माझा आधीचा फोन असाच फुगवला.

तरी शंका असेल तर पेठलाच एक दिवस फोन तीन तास फ्लाइट मोडवर टाका आणि हात लावू नका. एक-दोन टक्केच उतरले तर बॅटरी ठणठणीत आहे. दहा-पंधरा उतरले तर खुशाल एमजी रोडला नेऊन दाखवा.