वाचकांचे प्रश्न : सगळं नवं केलं, तरी जुनी कशी?

प्रश्न : सॅन फ्रान्सिस्कोची केबल कार (रस्त्याखालच्या फिरत्या दोराने ओढली जाणारी, रुळांवरची गाडी) १९८२ ते १९८४ अशी जवळजवळ दोन वर्षं बंद ठेवून रूळ, यंत्रं, इमारत सगळं नवं केलं म्हणे. मग तिला ऐतिहासिक का म्हणायचं? जुन्या गाड्या संग्रहालयात ठेवून रस्त्यावर बस सोडल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

उत्तर : बसचा विचार तिथे १९४७ मध्येच झाला होता. महापौर रॉजर लॅपहॅम यांना पॉवेल रस्त्यावरच्या गाड्या काढून बस आणायच्या होत्या. फ्रीडेल क्लुसमन या बाईंनी स्त्रियांची मोठी फळी उभी केली, प्रश्न मतदानाला गेला आणि गाड्या भरघोस मतांनी वाचल्या. पण मतदानाने लोखंड गंजायचं थांबत नाही. रस्त्याखालचे दोराचे मार्ग आणि यंत्रं इतकी थकली, की १९७९ मध्ये काही महिने सेवाच बंद ठेवावी लागली. वरवरची डागडुजी संपली होती.

मी आयुष्यभर यंत्रांच्या देखभालीचं काम केलं आहे, म्हणून ठामपणे सांगतो : या गाडीत जुना भाग शोधायचा नसतो, जुनी रीत शोधायची असते. इथे गाडीत इंजिन नसतंच. रस्त्याखालून पोलादी दोर ताशी साडेनऊ मैलांच्या वेगाने सतत फिरत असतो. ग्रिपमन, म्हणजे गाडी चालवणारा, लांब दांडा ओढून पकडीने तो धरतो की गाडी चढ चढू लागते, सोडला की थांबवायला ब्रेक. त्यातला एक ब्रेक म्हणजे रुळावर दाबले जाणारे साधे लाकडी ठोकळे, जे दर काही दिवसांनी बदलावे लागतात. दोराचंही तेच. पेड झिजले की जोड काढून पुन्हा गुंफायचे आणि काही महिन्यांत अख्खा दोरच नवा टाकायचा. अँड्र्यू हॅलिडीने १८७३ मध्ये क्ले स्ट्रीटवर पहिली गाडी चालवली तेव्हापासून बदलत राहणं हा या व्यवस्थेचा स्वभावच आहे.

म्हणून मला १९८४ चं काम योग्य वाटतं. वॉशिंग्टन आणि मेसन रस्त्यांच्या कोपऱ्यावरच्या यंत्रघराच्या बाहेरच्या विटांच्या भिंती राखल्या आणि आतलं नव्याने बांधलं. खर्च सुमारे ६ कोटी डॉलर. महापौर डायॅन फाइनस्टाइन यांनी पैशासाठी जोर लावला नसता तर हे उभं राहणं अवघड होतं. उद्या कोणी प्रत्येक गाडीखाली मोटर बसवून पकडीचा दांडा नुसता शोभेला ठेवला, तर मात्र मी कडाडून विरोध करीन, मग लाकडी डबा कितीही अस्सल असो.

संग्रहालयाबद्दल तुमची कल्पना थोडी वेगळी दिसते. ते रस्त्यापासून दूर, शांत जागी नाही. याच यंत्रघरात आहे. वरच्या सज्जातून खाली पाहिलं की चार दोर ओढणारी मोठी चक्रं फिरताना दिसतात. त्यांच्या विजेच्या मोटरी प्रत्येकी ५१० अश्वशक्तीच्या. तळघरात कप्प्यांवरून वळून दोर रस्त्याखाली शिरतात. क्ले स्ट्रीटच्या मूळ गाड्यांपैकी ८ क्रमांकाची गाडी इथेच उभी आहे, आणि तिच्या शेजारी आजची व्यवस्था चालू आहे. रस्त्यावर बस असत्या तर ही चक्रं थांबली असती आणि ८ क्रमांकाची गाडी कशी चढत होती हे पाटी वाचून समजून घ्यावं लागलं असतं.

प्रश्न : तिथे जाणार आहे. काय चुकवू नये?

उत्तर : प्रवेशाला तिकीट नाही, तेव्हा घाई करू नका. आधी तळघर पाहा, मग सज्जा. त्यानंतर पॉवेल रस्त्याच्या गाडीत ग्रिपमनच्या जवळची जागा धरा आणि त्याच्या हातांकडे लक्ष द्या. कॅलिफोर्निया रस्त्याजवळ दोन दोर एकमेकांना ओलांडतात. पॉवेलच्या गाडीला तिथे आपला दोर सोडावाच लागतो आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा धरावा लागतो.