वाचकांचे प्रश्न : आमचा खासदार कारवारचा कसा?

या महिन्याच्या पत्रांतली चार पत्रं एकाच जिल्ह्याविषयी आहेत. सरकारी कागदावर उत्तर कन्नड, आपल्या बोलण्यात कारवार. मी खानापूर तालुक्यात वर्षानुवर्षं भूगोल शिकवला आणि माझं आजोळ त्या जिल्ह्यातलं, म्हणून ती आधी घेते.

आम्ही बेळगाव जिल्ह्यातले, तहसील खानापूरची, मग मत कारवारच्या खासदाराला का देतो?
— एक वाचक, नंदगड

दादा, लोकसभेचा मतदारसंघ माणसं मोजून आखतात, जिल्ह्याच्या शिवेला तो बांधलेला नसतो. कर्नाटकात विधानसभेच्या 224 जागा आणि लोकसभेच्या 28, म्हणजे एका खासदाराच्या वाट्याला आठ आमदारांचा मुलूख. कारवार जिल्ह्यात आमदार सहाच : हल्याळ, कारवार, कुमठा, भटकळ, शिरसी आणि यल्लापूर. राहिलेले दोन आपल्या जिल्ह्यातून घेतले, खानापूर आणि कित्तूर. उतारा, रेशनकार्ड, शाळा, गावचा रस्ता यांसाठी आपण बेळगावचेच. रेल्वे आणि हायवे यांचं गाऱ्हाणं मात्र त्या खासदारापुढे मांडायचं. आणि नातं दोन्हीकडून आहे, बरं का. कारवार जिल्हा बेळगाव विभागात येतो, प्रादेशिक आयुक्तांचं कार्यालय बेळगावातच आहे.

आठवीच्या मुलांना कारवारच्या सहलीला नेणार आहे. जिल्हा नकाशावर समजावून सांगताना सुरुवात कुठून करू?
— एक शिक्षिका, शहापूर, बेळगाव

बाई, समुद्रापासून सुरुवात करू नका. मुलं समुद्र बघतीलच. सुरुवात आपल्या खानापूर तालुक्यातल्या लोंढा गावापासून करा.

खानापूर तालुक्यात पडणारा पाऊस एका दिशेने जात नाही. कणकुंबीजवळ मलप्रभा उगम पावते, पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते आणि ते पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात पोचतं. म्हादई त्याच तालुक्यातून निघून गोव्यात उतरते. आणि लोंढ्याकडून पांढरी नदी दक्षिणेला जाते, काळी नदीला मिळते, मग काळी घाट उतरून कारवारला सदाशिवगडाच्या पायथ्याशी समुद्रात जाते. फळ्यावर नुसत्या या रेघा काढा. आपल्या कौलांवरून गळणारं पाणी कारवारच्या खाडीत कसं जातं, हे मुलाला एकदा दिसलं की तो जिल्हा त्याला परका वाटत नाही.

मग आकडे. बेळगाव जिल्हा 13,415 चौरस किलोमीटर, लोक 47 लाख 79 हजार. कारवार जिल्हा 10,291 चौरस किलोमीटर, लोक 14 लाख 37 हजार (दोन्ही 2011 चे). जागा आपल्या तीन-चतुर्थांश आणि माणसं एक-तृतीयांशाहूनही कमी. का, ते मुलांनाच विचारा. उत्तर खिडकीतून दिसेल, कारण बस तासन् तास जंगलातूनच चाललेली असेल. जोयडा-दांडेलीचं रान काळी व्याघ्र प्रकल्पात आहे.

आणि सुप्याला थांबा. जुनं सुपा काळी आणि पांढरीच्या संगमावर होतं, ते तालुक्याचं ठिकाण आणि माझं आजोळ. आता तिथे 101 मीटर उंचीचं धरण आहे, गाव पाण्याखाली आहे आणि तालुक्याचा कारभार जोयड्याला गेला. पुष्कळ घरं रामनगरला वसवली, त्यात आमचं एक. पाणी चढायच्या आधी मामांनी घराची मधली चौकट उंबऱ्यासकट काढून ट्रकमध्ये घातली. फणसाच्या लाकडाची, उंबऱ्याला मधोमध पाय पडून पडून झालेला खळगा. रामनगरचं नवं दार तिच्यापेक्षा रुंद निघालं, म्हणून दोन्ही बाजूंनी वीट-सिमेंट भरून ती बसवली. आजी रोज त्या खळग्यात हळद-कुंकू वाहायची. आजही मी तिथे गेले की आधी पाय चुकवते, मग आत शिरते.

त्या पाण्यावर पुढे नागझरीला मोठं वीजघर आहे, खाली कोडसळ्ळी आणि कद्रा ही धरणं आहेत, आणि कद्र्याच्या पाण्यावर कैग्याचं अणुवीज केंद्र चालतं, 220 मेगावॅटचे चार संच. ऑगस्ट 2019 मध्ये कद्र्याचे दरवाजे उघडले तेव्हा खालच्या गावांत घरात पाणी शिरलं. दिव्याचं बटण दाबताना सुप्याचं आणि त्या गावांचं नाव मुलांना ठाऊक असावं, एवढी माझी तुम्हाला कळकळीची विनंती.

जोयड्याकडे होमस्टेसाठी जमीन घ्यायची आहे. परवानगी कोणाची?
— एक वाचक, निपाणी

आधी उतारा बघा. त्या भागात पिढ्यान् पिढ्या कसलेली पण वनखात्याच्या नावावर असलेली जमीन पुष्कळ आहे, आणि ‘कब्जा आमचाच’ या शब्दावर व्यवहार होत नाही. 2020 पासून कर्नाटकात शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते, पण घेतली म्हणजे तिथे लॉज बांधता येतो असं नाही. बिगरशेतीचा आदेश जिल्हाधिकाऱ्यांकडून लागतो, बांधकाम आणि धंद्यासाठी ग्रामपंचायत, आणि व्याघ्र प्रकल्पाजवळ असाल तर वनखातं. वनखात्याकडे पहिल्यांदा जा, पैसे दिल्यावर नव्हे. दाद मागायला जिल्हा पंचायतीचा सदस्य शोधत बसू नका. कर्नाटकात जिल्हा आणि तालुका पंचायतींच्या सदस्यांची मुदत 2021 मध्ये संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला. ग्रामपंचायतीतले पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, हेच तुमचं पहिलं दार. ग्रामसभेला एकदा नुसतं बसून या. पाण्याची टाकी गावाला पुरते का, हे तिथे कळतं, आणि तुमचे पाहुणे त्याच टाकीतलं पाणी पिणार आहेत.

बाई, धरण नसलेली एखादी नदी त्या जिल्ह्यात उरली आहे का?
— अकरावीतली विद्यार्थिनी, खानापूर

आहे, बाळ. अघनाशिनी. शिरसीकडे उगम पावते आणि कुमठ्याजवळ समुद्राला मिळते. तिच्यावर मोठं धरण नाही, म्हणून डोंगरातला गाळ आणि गोडं पाणी खाडीपर्यंत पोचतं, आणि त्यावर तिसऱ्या, म्हणजे खाण्याचे शिंपले, पोसतात. ओहोटीला बायका कमरेएवढ्या पाण्यात उतरून त्या वेचतात. भरतीचं खारं पाणी शिरतं त्या गजनीच्या शेतात कग्गा नावाचा भात होतो. खारं पाणी सोसणारं ते बियाणं तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या राखलंय. वर घाटात सिंहपुच्छ वानरं आहेत. 2024 मध्ये या खाडीला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, जागा मिळाली.

तू जाशील तेव्हा आधी ओहोटीची वेळ विचारून घे. भरतीला गेलीस तर नुसतं सपाट पाणी दिसेल. ओहोटीला तीच खाडी माणसांनी भरलेली असते, आणि टोपलीतल्या तिसऱ्या दाखवायला कोणी ना कोणी थांबतंच.