वाचकांचे प्रश्न : तेच नाव, नवी नौका

प्रश्न : जुन्या कात्रणात ‘खांदेरी’ पाणबुडी १९६८ साली नौदलात दाखल झाल्याचे वाचले. पण २०१९ मध्येही मुंबईत ‘खांदेरी’च दाखल झाली. जुनीच दुरुस्त केली का? जुना फोटो कोणत्या पाणबुडीचा, हे कसे ओळखावे? (अलिबाग)

उत्तर : नाही, त्या दोन वेगळ्या पाणबुड्या. पहिली सोव्हिएत बनावटीची, ‘फॉक्सट्रॉट’ जातीची. ती १९८९ मध्ये निवृत्त झाली. दुसरी ‘स्कॉर्पीन’ जातीची, माझगाव डॉकमध्ये बांधलेली. नाव मात्र तुमच्या थळसमोरच्या बेटावरच्या किल्ल्याचे. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये तो बांधायला घेतला आणि इंग्रजांच्या आरमाराला दाद दिली नाही.

फोटो ओळखताना नुसत्या क्रमांकावर जाऊ नका. दोन्ही खांदेरींचा क्रमांक एस २२ आहे. कलवरी आणि करंज या पाणबुड्यांचे तर उलटे झाले: जुनी कलवरी एस २३, नवी एस २१, जुनी करंज एस २१, नवी एस २३. त्यामुळे ‘एस २१’ दिसले की कलवरी असे लिहून मोकळे होणारे हमखास फसतात. आधी आकार पाहा. मधल्या उंच मनोऱ्याला दोन बाजूंनी आडवे पंख असतील तर ती स्कॉर्पीन. फॉक्सट्रॉटच्या मनोऱ्याला असे पंख नाहीत. शिवाय ती सुमारे ९१ मीटर लांब, तर स्कॉर्पीन सुमारे ६७. नोंद करताना नाव, क्रमांक, जात आणि दाखल झाल्याचे वर्ष ही चारही माहिती एकत्र लिहा.

प्रश्न : बुडालेल्या नौकेचे नाव पुन्हा देणे अशुभ नाही का? (सातारा)

उत्तर : नौदल तसे मानत नाही, आणि ते योग्यच आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी ‘हंगोर’ने आपली युद्धनौका ‘खुकरी’ बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. ते नाव यादीतून पुसले असते तर ते केवळ पराभवाचे नाव होऊन राहिले असते. २३ ऑगस्ट १९८९ रोजी माझगाव डॉकची नवी खुकरी दाखल झाली. तिने ते नाव बत्तीस वर्षे समुद्रावर वागवले. निवृत्तीनंतर ती संग्रहालयासाठी दीवच्याच प्रशासनाकडे सोपवण्यात आली.

प्रश्न : नाव नेमके केव्हा मिळते? (ठाणे)

उत्तर : गोदीत काम सुरू असताना नौका यार्ड क्रमांकाने ओळखली जाते, नवी ‘निलगिरी’ बांधताना १२६५१ होती. जलावतरणाच्या वेळी नाव जाहीर होते. ‘आयएनएस’ (इंडियन नेव्हल शिप) ही अक्षरे मात्र नौदलात रीतसर दाखल झाल्यावरच लागतात. बातम्यांत हा घोटाळा नेहमी होतो. जुन्या नावांचेच पाहा: नव्या निलगिरी वर्गातल्या सात फ्रिगेटांपैकी (मध्यम आकाराच्या युद्धनौकांपैकी) सहांना जुन्या निलगिरी वर्गातल्या नौकांची नावे मिळाली. महेंद्रगिरी तेवढी नवी.

‘विक्रांत’चा वारसा आणखी पुढे गेला. २०२२ च्या नव्या विमानवाहू नौकेला १९६१ च्या विक्रांतचा आर ११ हा क्रमांक आणि ‘जयेम सं युधि स्पृधः’ हे ऋग्वेदातले ब्रीदही मिळाले. जुनी विक्रांत मात्र २०१४ मध्ये भंगारात विकली गेली आणि मुंबईत दारूखाना या जहाजतोडणीच्या भागात तोडली. नवी म्हणजे जुनीचेच रूपांतर, हा समज चुकीचा आहे.