‘पुढे काय ठरवलंस?’

“मुलगा आमच्याशी बोलतच नाही.” न्यू जर्सीतल्या मराठी आईवडिलांकडून मी हे वरचेवर ऐकते. खापर बहुधा मोबाइलवर फुटतं. एका घरातलं कारण मात्र निराळं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

वडील अमेरिकेतल्या नोकरीसाठी मिळणाऱ्या एच-वन-बी व्हिसावर, आयटीत. नाशिकहून आले तेव्हा मुलगा तीन वर्षांचा होता, आता वीस. “ताट घेऊन खोलीत जातो. ‘पुढे काय ठरवलंस’ विचारलं की उठूनच जातो,” आई म्हणाली.

मुलाशी एकट्याशी बोलले. “काकू, काय ठरवणार मी?” वडिलांच्या व्हिसामुळे मिळालेल्या त्याच्या एच-फोर व्हिसावर पगारी काम करता येत नाही. मित्र उन्हाळ्यात पगारी इंटर्नशिप करतात, हा काहीतरी कारण सांगून वेळ मारून नेतो. एकवीस वर्षं पूर्ण झाली की हा व्हिसाही जातो. मग विद्यार्थी व्हिसा घ्यायचा, नाहीतर देश सोडायचा. नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्यांत, कुठल्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे भारतीयांची रांग हलता हलत नाही. हे सगळं त्याने केव्हाच वाचलं होतं. रात्री आईबाबांची कुजबुज ऐकू यायची आणि तो आला की थांबायची. “मी विषय काढला तर बाबांना वाटेल, मी त्यांनाच दोष देतोय.”

वडिलांचं म्हणणं, “अभ्यासावर परिणाम नको म्हणून सांगितलं नाही.” त्यांची माया खरी होती. पण ज्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे त्यालाच वगळून त्याची काळजी करता येत नाही, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. आधी तुम्ही बोला. अर्जाची तारीख, वकिलाचं मत, सगळी फाइल त्याच्यापुढे ठेवा. आणि ‘मलाही भीती वाटते’ हेही सांगा. या शेवटच्या वाक्यापाशी ते बराच वेळ अडखळले.

पुढच्या वेळी वकिलाकडे तिघं गेले. प्रश्न मुलाने विचारले. अमेरिकेच्या २००२ च्या कायद्यानुसार ग्रीन कार्डासाठी काही मुलांचं वय हिशेबात कमी धरलं जातं. आपल्याला तो लागू होतो का, हेही त्यानेच काढलं. लागू होत नव्हता. ताट अजूनही कधीकधी खोलीत जातं, पण विद्यार्थी व्हिसाचा अर्ज तो स्वतः भरतोय आणि अडलं की बाबांना हाक मारतोय.

तुमचं मूल एकोणीस-वीसचं असेल आणि ग्रीन कार्ड रांगेत असेल, तर हे बोलणं याच आठवड्यात करा. त्याला बहुतेक ठाऊक असतंच, तुम्ही विषय काढायची ते वाट बघत असतं.